साधी निघालेली वीस रोपं



आजचं वाचन : गीता, अध्याय ५, श्लोक १८.

काल पोस्ट टाकली नाही, माफ करा. आषाढी एकादशी, त्यात रविवार, आणि आमचा दिवस पहाटे चारला सुरू झाला होता. का, ते खाली येईलच.

हा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि त्या काळच्या समाजाने ज्याला सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं तो माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सम दृष्टीने बघतो, एवढा त्याचा सरळ अर्थ. पाचवीत असताना बार्शीला गीता पाठांतराच्या स्पर्धेत मी हा अख्खा अध्याय म्हटला होता. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. आई त्यात अजून दाण्याचं कूट ठेवते. म्हणजे श्लोक पाठ झाला, डबाही मिळाला. पण तो मला पहिल्यांदा टोचला पंचवीस वर्षांनी, टोकियोतल्या आमच्या बाल्कनीत, एका कुंडीपाशी.

जुन्या वाचकांना माहीत आहे, आम्ही निशिकासाईला राहतो. सातवा मजला, बाल्कनी जेमतेम सहा फूट. त्यातही नियम असा, की बाल्कनी म्हणजे आग किंवा भूकंपाच्या वेळी पळायची वाट. शेजारच्या आणि आपल्या बाल्कनीत एक पातळ पत्रा असतो, वेळ आली तर तो लाथेने फोडून पलीकडे जायचं. त्यामुळे तिथे कुंड्यांची गर्दी करता येत नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला मी बरेच दिवस जागेचंच कारण देत होतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये लेक पहिलीत गेली. जपानमध्ये पहिलीतली मुलं शाळेत आसागाओ लावतात. आसागाओ म्हणजे शब्दशः 'सकाळचा चेहरा', आपण इंग्रजी नावाने मॉर्निंग ग्लोरी म्हणतो तीच वेल. प्रत्येक मुलाला प्लास्टिकची एक कुंडी, मुलं रोज पाणी घालतात, वहीत चित्र काढतात, आणि जुलैत उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुंडी घरी येते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी लेकीला दप्तर घेऊन जाताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. आत बारा बिया. म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या आहेत. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. आता आजींचे गुडघे वाकत नाहीत, कुंड्या उचलवत नाहीत.

माझं जपानी ऑफिसपुरतं आहे. त्या बरंच काही सांगत होत्या, त्यातलं मला 'वेगळं फूल' आणि 'नीट बघा' एवढंच कळलं. मी भरपूर मान हलवली.

आता जरा या फुलाबद्दल, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. ही वेल जपानची मूळची नाही. साधारण आठव्या शतकात ती चीनमधून औषध म्हणून आली, बिया जुलाबासाठी वापरायचे. आपल्याकडे काळा दाणा म्हणून जी बी औषधात होती ती याच वेलीची. फूल निळं, गोल, भोंग्यासारखं. मग एडो काळात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकांना तिचं वेड लागलं. १८०६ च्या मोठ्या आगीनंतर मोकळ्या पडलेल्या जागांवर माळी लोक ही वेल लावू लागले आणि त्यात विचित्र रोपं निघायला लागली, असं सांगतात. १८०४ ते १८३० मध्ये एक लाट आली, १८४८ ते १८६० मध्ये दुसरी. पाकळ्या फाटलेल्या, पाकळ्यांच्या नळ्या झालेल्या, फुलात फूल असलेली, पानं विलोच्या झाडासारखी बारीक झालेली. त्यांची चित्रांची पुस्तकं निघाली, स्पर्धा भरल्या. तुटपुंज्या मिळकतीचे सामुराई जोडधंदा म्हणून घरामागे कुंड्या लावायचे. या सगळ्या तऱ्हेवाईक जातींना हेंका आसागाओ म्हणतात, म्हणजे 'बदललेला' आसागाओ. कारण आज माहीत आहे : या वेलीच्या जनुकांमध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे असतात, ट्रान्सपोझॉन, ते ज्या जनुकात जाऊन बसतात ते बिघडतं. २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या वेलीचा संपूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू कोडमध्ये कुणीतरी मधेच एक ओळ पेस्ट केली, आणि प्रोग्रॅम कोसळायच्या ऐवजी त्यातून रांगोळी निघाली.

पण रांगोळीची एक किंमत आहे. यातल्या सगळ्यात देखण्या, सगळ्यात विचित्र फुलांना बी धरत नाही. कधी पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, कधी अवयव असतात पण निकामी. अशा रोपाला देमोनो म्हणतात. ते एक उन्हाळा फुलतं आणि संपतं.

मग दोनशे वर्षं ती फुलं टिकली कशी?

त्यांच्या भावंडांमुळे. एकाच वेलीच्या बियांपैकी साधारण चौथा हिस्सा विचित्र निघतो आणि तीन हिस्से साधे. त्या तीन साध्यांपैकी दोघांच्या पोटात तो गुण लपलेला असतो, एकात नसतो. कुठली दोन, ते नुसतं बघून कळत नाही. तिन्ही सारखीच हिरवी, तिन्हींना सारखंच निळं फूल. म्हणून जपणारा माणूस साधी रोपंही वाढवतो, प्रत्येकाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवतो, पुढच्या वर्षी लावून बघतो की कुणाच्या पोटी काय निघालं. अशा साध्या रोपाला ओयागी म्हणतात, आई-झाड म्हणा. एडोतले माळी हे करत होते तेव्हा मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध यायचा होता, तो १८६५ मध्ये त्याने पहिल्यांदा वाचून दाखवला. कागदावर सूत्र नसताना त्यांच्या हाताला ते ठाऊक होतं.

हे सगळं मी नंतर वाचलं. मे महिन्यात मला यातलं काही माहीत नव्हतं.

बियांचं टरफल नेलकटरने जरा खरवडलं, रात्रभर भिजवल्या, लावल्या. आठवड्यात बाराच्या बारा उगवल्या. नऊ रोपांची पहिली दोन पानं छान पसरलेली, फुलपाखरासारखी. तीन रोपांची पानं मात्र मुठीसारखी आत वळलेली. मला वाटलं रोग पडला. नेटवर फोटो शोधले तेव्हा कळलं, अरे, हीच ती! याला शिशी म्हणतात, सिंह. मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. जागा कमी, कुंड्या तीन, हवी ती रोपं तीन. हिशोब चोख जमत होता. रविवारी सकाळी मी ती नऊ साधी रोपं उपटली आणि ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

लेक शेजारी उभी होती. तिने विचारलं, "ही वाईट आहेत का?" मी म्हणालो, "वाईट नाहीत गं, साधी आहेत." तिने पिशवीतून एक काढून घेतलं आणि दह्याच्या रिकाम्या कपात लावलं. मी काही बोललो नाही. मुलांचा खेळ म्हणून सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये ती तीन फुलली. खोटं कशाला सांगू, इतकं सुंदर काही मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं. पाकळ्यांच्या बारीक नळ्या झालेल्या, टोकं मागे वळून लोंबणारी, दारात टांगलेल्या घंटीसारखी. पहाटे साडेचारला उठून बघत बसायचो. हे फूल सूर्य बघून उमलत नाही. आदल्या संध्याकाळी अंधार पडला की तिथून ते तास मोजतं आणि साधारण दहा तासांनी उघडतं. उन्हं चढली की मिटतं, परत उमलत नाही. दोन फुलं देवापुढे ठेवली. इन्स्टाग्रामवरही ठेवली. लाइक्स किती आले ते आता सांगत नाही, पण तेव्हा मोजले होते.

ऑक्टोबरमध्ये आजी लिफ्टपाशी भेटल्या. बी धरलं का, विचारलं. मी म्हणालो, नाही हो, एकही नाही. त्या हसल्या, त्याला नाहीच धरत. आणि दुसऱ्यांना?

दुसरी मी उपटली, म्हणालो.

"सो देस का," आजी म्हणाल्या. असं का. एवढंच. जपानी माणूस सो देस का म्हणतो तेव्हा त्यात शंभर अर्थ असू शकतात, पण त्या दिवशीचा मला भाषांतराशिवाय कळला. त्यांच्याकडे त्या पाकिटाशिवाय बी उरलं नव्हतं. जे काही होतं ते त्यांनी मला दिलं होतं. 'नीट बघा' म्हणाल्या होत्या ते त्या नऊ रोपांबद्दल होतं.

मंडळी, बॅकअप न घेता प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवलेला माणूस मी ऑफिसात पाहिला आहे. त्याचा चेहरा कसा होता ते मला त्या दिवशी लिफ्टच्या आरशात दिसलं.

घरी आल्यावर लेकीच्या दह्याच्या कपाची आठवण झाली. ते रोप एव्हाना छोट्या कुंडीत गेलं होतं, त्याला साधी निळी फुलं येऊन गेली होती, वाळलेल्या बोंडांत बी होतं. त्याच्या पोटात तो गुण असण्याची शक्यता तीनात दोन. मी बिया पाकिटात भरल्या, तारीख घातली, आणि हिवाळाभर ते पाकीट देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

याच हिवाळ्यात मी 'ओयागी' वाचलं आणि भारावून गेलो. काय तत्त्वज्ञान आहे, वाटलं. फुलतो एक, पण वाहतात ते दुसरेच. आणि मला दादा आठवला.

माझा मोठा भाऊ बार्शीला असतो. त्याने बी.कॉम. केलं आणि वडिलांचं शेती अवजारांचं दुकान हातात घेतलं. २०२१ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून रोज पहाटे दादा बाबांना उठवतो, अंघोळ घालतो, मग दुकान. वहिनीचं काय काय चालतं ते तर लिहायलाच नको. नातेवाईक घरी आले की चौकशी कुणाची करतात? जपानवाल्याची. दादा चहा देतो आणि माझे फोटो दाखवतो.

मी त्याला फोन केला आणि ही आसागाओची गोष्ट सांगितली. सगळं, टक्केवारीसकट. शेवटी अगदी मनापासून म्हणालो, "दादा, तू आमचा ओयागी आहेस. तू तिथे उभा आहेस म्हणून मी इथे फुललो." मला वाटलं त्याला भरून येईल.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी काय तुझ्या वेलाचा टेकू आहे का रे?"

मी म्हणालो, अरे तसं नाही. तो म्हणाला, तसंच आहे. "मी इथे तुझ्यासाठी नाही राहिलो. बाबांसाठी राहिलो, आणि मला दुकान आवडतं म्हणून राहिलो. तुझं चांगलं झालं, आनंद आहे. पण माझी किंमत तुझ्या फुलावरून नको काढूस." आणि मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

मला राग आला होता, खरं सांगतो. इतकं चांगलं बोललो आणि वर हे! दोन आठवडे मी त्याच्या बोलण्याकडे 'दादाचा नेहमीचा तिरकसपणा' म्हणून बघितलं. मग मे महिना आला.

२०२४ च्या मे महिन्यात अंड्यांच्या पुठ्ठ्यात आम्ही वीस बिया लावल्या. वीसच्या वीस उगवल्या. रोज सकाळी लेक आणि मी वाकून पानं बघायचो. फुलपाखरू, फुलपाखरू, फुलपाखरू. विसाव्या रोपापर्यंत एकही मूठ नाही. गणित मांडून बघितलं : आईच्या पोटात गुण असता तर विसातून एकही विचित्र न निघण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. म्हणजे नव्हताच. तिघा भावंडांतलं जे एक कोरं असतं, नेमकं तेच लेकीने उचललं होतं. आजींच्या मिस्टरांनी चाळीस वर्षं सांभाळलेली वेल माझ्या बाल्कनीत संपली.

आता ती वीस रोपं समोर होती, आणि माझ्या तत्त्वज्ञानाला उत्तर सुचेना. 'साधी रोपं मोलाची, कारण त्यांच्या पोटात दुर्मीळ फूल असतं.' बरं. मग यांच्या पोटात काहीच नाही, यांचं काय? ही ओयागी नाहीत, देमोनो नाहीत, कुणाची भावंडं नाहीत, कशाची वाहकही नाहीत. माझ्या विचाराप्रमाणे यांना दुसऱ्यांदा उपटायला हरकत नव्हती. पहिल्यांदा उपटली तेव्हा मला ती कचरा वाटली, दुसऱ्यांदा वाटली ती रिकामी पाकिटं. दोन्ही वेळा मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. मी त्यांच्यातून दुसरंच काहीतरी शोधत होतो.

दादा हेच म्हणत होता.

श्लोक इथे टोचला. त्यात जी यादी आहे ती नीट बघा. ब्राह्मणाला विद्या आणि विनय अशी विशेषणं दिली आहेत. म्हणजे श्लोक गुण नाकारत नाही, फरक पुसत नाही. हत्ती हत्तीच आहे, कुत्रा कुत्राच. सम दृष्टी म्हणजे सगळं सारखंच सुंदर असं खोटं बोलणं नव्हे. शिशीचं फूल साध्या फुलापेक्षा देखणं आहे, आजीही तेच म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि रोपं विरळ करावीच लागतात. ज्याने कधी मेथीचा वाफा केला आहे त्याला हे सांगायला नको. बारा रोपं तीन कुंड्यांत कोंबली असती तर बाराच्या बारा खुरटली असती. म्हणून माझं पाप उपटण्यात होतं असं मला आजही वाटत नाही. ते त्या दोन मिनिटांत होतं, ज्यात मी किंमत आधी ठरवली आणि बघणं राहून गेलं.

पण श्लोकात कुठेही असं नाही की कुत्र्याकडे सम नजरेने बघा, कारण त्याचा हत्तीला उपयोग होतो. गाईकडे बघा, कारण तिच्या दुधावर पंडित वाढतो. कारण असेल तर ते प्रत्येकात आहे, आणि सगळ्यांत एकच आहे. 'उपयोगी म्हणून आदर' ही आपल्याला फार उदात्त गोष्ट वाटते. कामवाल्या मावशींना, सिक्युरिटीवाल्या काकांना, टीममधल्या टेस्टरला आपण म्हणतो ना, तुमच्यामुळे आमचं चालतं. चांगलंच आहे, न म्हणण्यापेक्षा बरं. पण त्या वाक्यात मध्यभागी अजून आपणच असतो. आपलं चाललं नसतं तर?

आता कुणी म्हणेल, टोकियोत बसून सम दृष्टीवर लिहिणं सोपं आहे. बरोबर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वरच्या फांदीवर बसलेल्याने 'आपण सगळे सारखे' म्हणण्यात काही जात नाही. सावता माळी पंढरपूरला गेलेच नाहीत, अरणला आपल्या मळ्यातच राहिले, आणि विठोबाच तिकडे गेला, अशी परंपरा आहे. ही गोष्ट मी या ब्लॉगवर दोनदा लिहिली आहे आणि दोन्ही वेळा कौतुकाने लिहिली आहे. पण दादाला वारीला जायचं असतं, आणि गेली चार वर्षं बाबांमुळे तो जाऊ शकलेला नाही, हे मला वहिनीकडून कळलं. त्याला सावतामहाराज म्हणून मोकळं होणं मला किती सोयीचं होतं, बघा.

ती वीस रोपं आम्ही वाटली. पाच लेकीच्या मैत्रिणींना, काही ऑफिसात, तीन आमच्याकडे. एक कुंडी घेऊन मी आजींकडे गेलो. आधीच सांगितलं की यात तुमचं फूल नाही, नुसतं निळं येईल. वाकून माफी मागितली, जपानी पद्धतीने, बराच वेळ. त्यांनी कुंडी दारातल्या स्टुलावर ठेवली, वेलीचं टोक बोटाने काठीकडे वळवलं आणि म्हणाल्या, निळंच तर पहिलं आहे. मग मला आत बोलावून मिस्टरांचे फोटो दाखवले. एका फोटोत ते कुंडीपुढे उकिडवे बसले आहेत आणि पाठमोरे आहेत. आजी म्हणाल्या, माझ्याकडे असेच फोटो जास्त आहेत.

यंदाची गोष्ट काल घडली. ६ ते ८ जुलै इथे इरियाचा आसागाओ मेळा असतो, आणि यंदा ६ जुलैलाच आषाढी. पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून, कायाबाचोला लाइन बदलून आम्ही सहाच्या सुमाराला पोचलो. रस्त्याच्या कडेने कुंड्याच कुंड्या, एकेका कुंडीत चार रंगांच्या वेली गोल कड्यांवर चढवलेल्या. मेळा ज्या देवळाभोवती भरतो ते किशिमोजिनचं. ही आपलीच हारीती. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात पांचिकाबरोबर बसली आहे तीच. तिला पाचशे मुलं होती आणि ती दुसऱ्यांची मुलं पळवून खायची. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं मूल लपवलं, तर ती वेडीपिशी होऊन जग धुंडाळत फिरली. चारशे नव्व्याण्णव उरली होती, तरी. ही गोष्ट मी लेकीला रांगेत सांगितली. ती म्हणाली, "पण तिला नावं कशी लक्षात राहायची?"

काही विकत घेतलं नाही. उपास होता, राजगिऱ्याचे लाडू नेले होते ते खाल्ले आणि साडेआठपर्यंत घरी आलो. बाल्कनीत आमची तीन निळी उघडी होती. साध्या फुलाचं मला इतके दिवस न दिसलेलं सांगतो : कळी जांभळट असते, उमलताना निळी होते, आणि मध्यभागी घशाशी पांढरा उजेड असतो, आत दिवा लावल्यासारखा. पाकळी एकच, सलग, पण तिच्यावर पाच रेघांची चांदणी असते. हे सगळं २०२३ मध्ये त्या कपातल्या रोपावरही असणार.

बार्शीला पहाटेचे पाच झाले होते. दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो बाबांच्या खोलीतच होता. मी फोन फुलाजवळ धरला. दादा हसायला लागला. "अरे, ही तर आपल्या कुंपणावर यायची! बाबा उपटून उपटून दमायचे." मग त्याने फोन बाबांच्या समोर धरला. बाबांनी डावा हात जरा उचलला. फुलाकडे की माझ्याकडे, कळलं नाही.

जपानच्या कायद्यात घरच्या आजारी माणसाच्या देखभालीसाठी रजा मिळते, एका माणसामागे एकूण ९३ दिवस, तीन हप्त्यांत घेता येते. हे मला २०२१ पासून माहीत आहे. अर्ज गेल्या आठवड्यात भरला, अजून ड्राफ्टमध्ये आहे. मी दादाला म्हणालो, कार्तिकीला मी येतो. तू आणि वहिनी पंढरपूरला जा, हवं तर पायी जा.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे बंब पेटल्याचा आवाज येत होता.

"बाबांना एकट्याने उचलता येतं का तुला?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, नाही येत.

"मग आठ दिवस आधी ये. शिकवतो. चल, पाणी तापलंय."